चिन्नोरला भरवण्याची तयारी

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही काम केलेलं नाही. त्यांनी फक्त कामांची तयारी केली आहे. हे मी रागानं म्हणत नाही, कौतुकानंच म्हणतो, कारण इतकी देखणी तयारी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. सिंदेवाहीजवळ धानाच्या एका फार्मावर त्यांची सगळी नोकरी झाली. तिथं रोपाआधी वाफा, वाफ्याआधी दोरी, दोरीआधी खुंट्या, अशी जी सवय लागली ती निवृत्तीनंतर घरात शिरली. ओसरीला रंग द्यायचा म्हणून त्यांनी खुर्च्यांना वर्तमानपत्रं गुंडाळली, त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या; आम्ही पाहुणे बातम्यांवर बसून चहा पितो. एकदा चंद्रपूरला लग्नाला निघालो, तर पाण्याची बाटली, ती गळाली तर दुसरी बाटली, दोन्ही पुसायला फडकं, एवढं भरेपर्यंत बस गेली. साडू शांतपणे म्हणाले, "गेली तं गेली. उद्याच्या बसची तयारी तं झाली ना जी!"

अशा माणसाकडे त्यांचे भाडेकरू मास्तर बदली होऊन जाताना दोन गिनीपिग ठेवून गेले. साडूंनी त्यांना धानाच्या जुन्या वाणांची नावं दिली, लुचई आणि चिन्नोर. शेजारी त्यांना घुशी म्हणतात, त्याचा साडूंना फार राग येतो. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चिन्नोरनं खाणं सोडलं. एरवी सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, नुसती चिरली तरी तो शीळ घालायचा. त्या दिवशी नाकाशी धरली तरी हलला नाही. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "याचं पोट रिकामं राहिलं तर आतडं थांबतं. उद्याची वाट पाहू नका. खाद्य भिजवून, वाटून, सिरिंजनं दर तीन तासांनी भरवा."

मी पोचलो तेव्हा जमखान्यावर मांडामांड झाली होती. सुया काढून ठेवलेल्या चार सिरिंजा, तीन टॉवेल, वजनकाटा, कोमट पाणी. खाद्य मिक्सरमधून काढून धोतराच्या फडक्यातून गाळलेलं. साडूंनी ते चाखून पाहिलं आणि म्हणाले, "मीठ नाई." मग चिन्नोरला कसं वाटत असेल ते कळावं म्हणून स्वतःला चादरीत गुंडाळून घेतलं आणि बाईंना, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला, आपल्याच ओठाच्या कोपऱ्यातून सिरिंज लावायला सांगितली. पहिल्याच घासाला ठसका लागला. त्यावर त्यांनी लहान तोंडाची सिरिंज शोधायला घेतली, तेव्हा बाईंचा संयम सुटला.

"इकडं तुमची तयारी होऊन राह्यली, तिकडं त्याचा जीव जाऊन राह्यला!"

साडू चादरीतच बसून राहिले. मग हळूच मला म्हणाले, "तयारी झाली का मंग भरवा लागन ना जी. अन् भरवलं, ठसका लागला, मेला तं? माह्या हातानं मेला असं होईन."

इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो होतो. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. "भाऊ," मी म्हटलं, "नाही भरवलं तरी जाईलच. मी धरतो, तुम्ही द्या."

टॉवेलात गुंडाळलेला चिन्नोर मी त्यांच्या मांडीवर सरळ धरला. दातांच्या मागून, कडेनं, त्यांनी थेंबभर सोडलं. चिन्नोरनं ते नुसतंच तोंडात धरलं. मग त्याचा जबडा हलला.

"चावून राह्यला! चावून राह्यला जी!" साडू एवढ्यानं ओरडले की लुचई पेटीत जाऊन लपली.

तीन दिवस त्यांनी एकही पाळी चुकवली नाही. चौथ्या दिवशी मी गेलो, तर चिन्नोरनं सिरिंजकडे पाठ फिरवली, मांडीवरून उतरला आणि ताटलीतली सांबाराची काडी स्वतः ओढली. बाईंनी हात जोडले. साडू खूप हसले, डोळे पुसले, आणि भरलेली सिरिंज हातात धरून बसले.

"जगला जी," ते म्हणाले. "पण आता मांडीवर काऊन येईन थो?"

"येईल ना," मी म्हटलं. टॉवेल त्यांनी मांडीवर तसाच पसरून ठेवला होता. चिन्नोर आमच्याकडे न बघता खात होता. त्याचं पोट भरू दे, पण त्यानं एकदा तरी यावं, असं मलाही फार वाटत होतं.