आईला ऐकू आलेला पास

२००३च्या ऑगस्टमध्ये आम्ही पूर्व किनाऱ्याजवळचं अ‍ॅशबर्न सोडलं. तिथली नोकरी गेली होती, दुसरी पार पश्चिम टोकाला, क्युपर्टिनोत मिळाली होती. गाडीत सामान भरताना शेजारच्या नागपूरच्या काकूंनी पोळ्यांचा डबा दिला आणि बजावलं, पोचायच्या आधीच आईला फोन करा, नंतर राहूनच जातं. त्याच्या दोन वर्षं आधी कऱ्हाडहून निघालो तेव्हा आईनेही एवढंच मागितलं होतं.

सहाव्या दिवशी सिएरा नेवाडाच्या डोंगरातल्या खिंडीत पोचलो, इथे तिला पास म्हणतात. रेस्ट एरियात एक फलक होता, दीडशे वर्षांपूर्वी बैलगाड्या हाकत पश्चिमेला वस्ती करायला गेलेल्या लोकांचा. वाटेत मेलेल्यांना ते वाटेतच पुरायचे आणि वरून गाड्या न्यायचे, थडग्याचा माग राहू नये म्हणून. त्यांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्यांबद्दल फलकावर एक ओळ नव्हती. माझी नऊ वर्षांची सई वाचून म्हणाली, "बाबा, वी आर पायोनिअर्स टू!" मला अभिमान वाटला. त्या अभिमानाची आज चीड येते.

तिथल्याच फोनवरून आईला सांगितलं, "आई, पास क्रॉस केला."

"झालास पास? बरं झालं बाई. मग आता ये की दिवाळीला."

व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुलाखत असते, असं मी तिला पूर्वी सांगितलं होतं. ती तिला परीक्षा वाटायची. लाइन खरखरत होती, मी दमलो होतो. "बघतो," म्हणालो. चूक सुधारली नाही. आईने गल्लीभर पेढे वाटले.

सुमनताई, यापुढचं तुला ठाऊक नाही. ऑक्टोबरात माझे व्हिसाचे कागद मंजूर होऊन आले. खुशाल जाऊन या, असं वकील म्हणाला. पण नव्या मॅनेजरकडे तीन आठवड्यांची रजा मागायची माझी छाती झाली नाही. डिसेंबरात तू फोन केलास, आई अंथरुणाला खिळलीय, ये. मी म्हणालो, व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलंय, बाहेर पडलो तर परत येता येणार नाही. जानेवारीत आई गेली. तू नंतर सांगितलंस, ती शेवटपर्यंत विचारत होती, "पास झालाय ना तो? मग कुणी अडवलंय त्याला?"

पाच वर्षं मी चारचौघांत व्हिसाला शिव्या घालतोय. इथे गणपतीला जमलो की बहुतेकांकडे व्हिसापायी घरी जाता न आल्याचा एक किस्सा निघतो. त्यांचे खरे असतात. त्यांत माझाही खपतो, मित्र हळहळतात, आणि मला स्वतःची किळस येते. त्या गाडीवाल्यांनी निदान आपलं माणूस आपल्या हातांनी पुरलं. मी तेही तुझ्यावर टाकलं आणि वरून खोटं फिरवत राहिलो.

यंदा ग्रीन कार्ड आलं. आता घरी कधी जाणार, असं सगळे विचारतात. जिथे माझा तो किस्सा सांगता येणार नाही असा एकच उंबरा जगात उरलाय, त्यालाच मी आता घर म्हणतो. मे महिन्यात येतोय. आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव, पण हे आधी वाचून.

मला कुणीही अडवलं नव्हतं, ताई.