निपाणीच्या वखारीतली सुट्टी

आयुष्यभर कुणाचं मूल मांडीवर न घेतलेली माझी थोरली बहीण आज सकाळी गेली.

तिची स्वतःची दोन पोरंसुद्धा जावेच्या अंगाखांद्यावर वाढली. माझ्या नातवाच्या बारशाला काकतीहून आली, वाळे दिले, पण बाळ पुढं केल्यावर हात मागं घेतला. माझी सून अजून ते मनात धरून आहे.

आक्का कडक. आक्का माणूसघाणी. हे मी घरोघरी ऐकलं आणि गप्प बसलो.

आता वय शहाऐंशी. एका बोटानं टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी सहाचा, आक्का दहाची आणि आमचा धाकटा भाऊ बाळू चार महिन्यांचा.

मेच्या सुट्टीत आई आम्हाला घेऊन बेळगावहून निपाणीला माहेरी गेली. बघतो तर मामाच्या घराची कौलं पावसाळ्याआधी परतायला काढलेली. वर नुसतं आभाळ. त्यात दोन्ही मावश्या पोराबाळांसकट येऊन थडकलेल्या.

मामा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होता. मालकाला विचारून त्यानं आमचं चौदा जणांचं बिऱ्हाड वखारीच्या एका टोकाला हलवलं.

जाड भिंती, उंच छप्पर, बराचसा माल गेल्यामुळं मोकळी जागा. आम्ही पोरं जाम खूश. पोत्यांच्या थप्पीवर चढायचं, वरून उड्या मारायच्या आणि दिवसभर शिंकायचं. पुढं आयुष्यात चांगली चांगली हॉटेलं पाहिली, पण सुट्टी म्हटलं की मला ती वखारच आठवते.

बाळू मात्र उकाड्यानं किरकिर करायचा. आई आणि मावश्या भाकऱ्या थापण्यात गुंतलेल्या. त्यामुळं बाळाचं सगळं आक्काकडं.

वखारीतल्या बायका पान मऊ पडावं म्हणून त्यावर पाणी मारायच्या. आक्कानं ते बघितलं होतं. तिनं तंबाखूच्या चुऱ्याची दोन पोती शेजारी शेजारी लावली, चांगली भिजवली आणि उघड्या बाळूला त्या गार गादीवर निजवलं.

तो लगेच झोपला.

दोन दुपारी असाच शांत झोपला. पोरीच्या हाताला गुण आहे, असं मावशी सगळ्यांदेखत म्हणाली. आक्का केवढी लाजली होती.

तिसऱ्या दुपारी बाळू ओकला. मग पांढरा पडला. हातपाय गार.

आजीनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मामा धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी नाडी पाहिली, दूध बाधलं म्हणाले, औषध दिलं. ते पोटात राहिलं नाही.

दिवेलागणीच्या आत सगळं आटोपलं. एवढी माणसं तिथं होती, एकालाही काही करता आलं नाही.

दृष्ट लागली म्हणून घरच्यांनी विषय मिटवला. आक्काला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. पण त्या दिवसापासून तिनं बाळाला हात लावला नाही.

मी डॉक्टर झालो. टिळकवाडीत दवाखाना टाकला. चाळिशीत एकदा एका जर्नलमध्ये वाचलं, की ओल्या तंबाखूचं विष कातडीतून अंगात उतरतं. शेतात राबणारी धडधाकट माणसंही त्यानं ओकतात, गार पडतात.

जर्नल मिटलं. बाहेर पेशंट बसले होते, पुढच्याला आत बोलावलं.

बाळूचं तेच झालं, हे आज छातीठोक सांगता येणार नाही. पण माझी खात्री आहे. त्या खात्रीचं काय करायचं, ते मात्र कधी कळलं नाही. आक्काला सांगावं तर तिचा जीव जाईल, न सांगावं तर ती मनात कुढत राहील. सहाव्या वर्षी जेवढा हतबल होतो, तेवढाच डिग्री घेऊनही राहिलो.

गेल्या आठवड्यात तिच्या उशाशी बसलो होतो. तिनं आपणहून विचारलं, "तू डाक्टर हाईस. बाळूला काय झालतं, सांग आता."

मी म्हणालो, "त्या साली साथ होती, आक्का. निपाणीत लई पोरं गेली."



"खोटं बोलू नगंस रं. पोती वली हुती. मी बी वाचलंय पेपरात, कवाच."

मी तिचा हात धरला. तो तिनं हळूच सोडवून घेतला आणि माझ्या गालावर ठेवला.

"एवढी वर्सं तू त्यापायीच गप हुतास न्हवं? मनाला लावून घिऊ नगंस. ल्हान हुतास. मी सांगितलं म्हणून आडावरनं पाणी आणून दिलंस, येवढंच की."

मला ते आठवतच नव्हतं.

आजही आठवत नाही. आठवडाभर डोळे मिटून बघतोय. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. लोक काय वाट्टेल ते बोलत राहिले, तरी तिनं माझं नाव निघू दिलं नाही. आणि मी समजत होतो, की मी तिला सांभाळतोय.

सूनबाई, हे तुझ्यासाठीही लिहिलंय.

आक्का, तू आता निवांत जा. माझं मी बघतो.

तुझ्या धाकट्या भावाचा अखेरचा नमस्कार.