कळपाबाहेरच्या पेशी

सुकेशनी पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली ती मी शिकवत होतो त्या शाळेमागच्या माळावर. वडिलांच्या कळपात घुसलेली परकी मेंढरं ती बरोबर ओळखून बाजूला काढत होती. पुढं दुष्काळात मेंढरं विकली गेली, माळावर इमारती उठल्या. पोरगी मात्र शिकत राहिली.

कॉलेजात असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला शहरातल्या एका प्रयोगशाळेत मूळपेशींची, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या बाकीच्या पेशी घडतात त्यांची, माहिती संगणकावर गटवार लावायचं काम मिळालं. जमलं तर पुढं तिथंच संशोधन करता येणार होतं. कुठल्याच गटात न बसणाऱ्या पेशी तिनं परक्या समजून वगळल्या. खरं तर त्या एका गटातून दुसऱ्या गटात जाताना रूप बदलत होत्या, आणि प्रयोगशाळेतले सगळे नेमक्या त्याच पेशी शोधत होते. "पुन्हा कर," एवढंच प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. ती परत गेलीच नाही.

"अगं, रागावल्या तर नव्हत्या ना?" मी तिला नंतर विचारलं.

"नाय सर. पण मलाच लई लाज वाटली."

आता ती चिकलठाण्याच्या एका औषध कारखान्यात गोळ्यांची पाकिटं तपासते.