चिरलेलं पातं

नांदेडच्या मैदानामागे पत्र्याच्या शेडमध्ये धनुष्यं दुरुस्त करणारा तो माणूस मला रोज दिसे. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे न बघता कोपराकडे बघे आणि काहीही विचारलं तरी आधी "हाव, हाव" म्हणे. मला तो कधीच सरळ वाटला नाही.

लातूरच्या शिकवणीला निघालेल्या एका मुलीचं जुनं, टोकांना चाकं असलेलं कंपाउंड धनुष्य आम्ही लेकीसाठी घेतलं आणि तिच्या मापाला बसवायला त्याच्याकडे नेलं. त्यानं लेकीला हात पसरायला लावून माप घेतलं. ताण कमी करायला बोल्ट सैल केले. मग धनुष्याच्या पात्यांवरून, म्हणजे मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या पट्ट्यांवरून, कापूस फिरवला. एका जागी कापसाचे धागे अडकले.

"पातं चिरलंय. पोरीला वढू देऊ नका."

मला चीर दिसेना. आता हा स्वतःकडचं धनुष्य आमच्या गळ्यात मारणार, अशी माझी खात्री झाली.

"काल तर चांगलं होतं," मी म्हणालो.

"हाव, हाव. वढून दाखवू का?"

"दाखवाच."

त्यानं लेकीला भिंतीआड उभं केलं, धनुष्य टेबलाला आवळलं आणि दोरी दुरून दोरखंडानं ओढली. पातं धाडकन फुटलं. एक तुकडा त्याचा गाल कापून गेला.

"मग तुमच्याकडचं दाखवा," मी खोचकपणे म्हणालो.

"मी इकत न्हाई, साहेब. निस्तं बसवून देतो." गाल दाबून धरत तो लेकीकडे वळला. "तुला लागलं न्हाई ना, माय?"

मी खिशातला रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. आभार लेकीनं मानले.