चंद्राबाईचं मत

दुसरी मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात कर्जतला नदीकाठच्या कापलेल्या भातखाचरात बोलपटाचा तंबू लागला. मालक खालापूरचे आबाजी. आमची नाटक कंपनी मोडल्यावर त्यांनीच मला ठेवून घेतलं होतं. बैलगाडीत उभं राहून, तोंडाला कर्णा लावून, खेळाची तारीफ करत गावोगाव फिरायचं, एवढंच काम. राजाचा मुकुट उतरवून ठेवलेल्या माणसाला तेही गोड वाटायचं. लोक निदान मान वर करून बघत.

पण माझ्या कर्ण्यावर गावांचा भरवसा नव्हता. भरवसा होता जवळच्या कोंडाणे गावच्या चंद्राबाईवर.

चंद्राबाई बाजाराच्या दिवशी स्टेशनाजवळ वालाच्या शेंगा घेऊन बसायची. नवा खेळ लागला की पहिल्याच दिवशी ती बायकांच्या बाजूला कनातीपाशी हजर. मग बाजारात शेंगा घेता घेता लोक विचारायचे, "कसा हाय गं खेळ?" दिवसभर राबलेले बैल संध्याकाळी पुन्हा गाडीला जुंपायचे की नाहीत, ते पार भिवपुरीपर्यंतची माणसं तिच्या उत्तरावर ठरवायची.

मारामारीच्या एका खेळाबद्दल ती म्हणाली होती, "घोडा चांगलं काम करतो. वर बसलाय त्याला काय येत नाय." देवादिकांच्या खेळाला मी स्वतः हात जोडले होते. तिचं मत निराळं. "देव सारखा हसतो. एवढं हसण्यासारखं काय झालंय ते कळत नाय. पण राक्षसाची बायको रडली तवा मलाबी रडू आलं. तिच्यासाठी जावा." आणि एका जुनाट, फाटक्या खेळाची आम्हालाच लाज वाटत होती, त्याबद्दल म्हणाली, "रीळ सारखं तुटत होतं. तरी कुणी उठलं नाय. मंग काय ते समजा." तो खेळ आम्हाला दोन आठवडे हलवता आला नाही.

मार्गशीर्षात तिच्या लेकीचा, हिरूचा साखरपुडा झाला, तो आबाजींच्या मुलाशी, गजाशी. गजा तंबूला वीज देणारं इंजिन चालवायचा. लग्न माघात धरलं होतं. आणि मधल्या दिवसांत आबाजींनी मुंबईत गाजलेला एक खेळ मोठ्या खटपटीनं आणला. त्यांचा सगळा हंगाम त्यावर उभा होता.

पहिला खेळ सुटल्यावर चंद्राबाई कुणाशी न बोलता गाडीत जाऊन बसली. आबाजींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मास्तर, कोंडाण्याला जावा. उद्या बाजार हाय. इहिणीला सांगा, चांगलं बोला म्हणावं. आमच्या घरात पोरगी देताय नि चार माणसांत आमचंच नाक कापणार? तसं झालं तर हे लगीन मोडलं समजा."

मी गेलो. निरोप ऐकताना हिरू चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण हातातली फुंकणी तशीच राहिली.

चंद्राबाईचा नवरा नामा हलकेच म्हणाला, "एक शब्द खोटा बोललीस तर जीभ झडणार नाय गं. पोरीचं बघ."

"तुमी नाटकात होता मास्तर," ती म्हणाली. "पडलेल्या खेळाला कवा चांगलं म्हटलंत?"

"रोज," मी म्हणालो.

नामा हसला. ती हसली नाही. "बोलेन मी गोड," ती म्हणाली. "सांगा त्यांना."

बाजारात मी कर्णा घेऊन जवळच उभा होतो. आबाजींनी बायकोलाही पाठवलं होतं. सोनुबाई विहिणीच्या शेजारी बसली, मुकाट शेंगा निवडू लागली. गिऱ्हाइकं जमली. भिवपुरीची येसूबाई सगळ्यांत पुढं.

"बोल की गं. कसा हाय?"

"तंबू मोठा हाय," चंद्राबाई म्हणाली. "बसायची तरटं झाडलेली व्हती."

"अगं, तरटं बघायला गाडी जुंपू का?"

माणसं हसली. चंद्राबाईनं शेंगांवर पाणी शिंपडलं, पुन्हा शिंपडलं. "गाणी हायत," ती म्हणाली. "लुगडी भारी हायत."

"इहीण शेजारी बसलीय म्हून दातखीळ बसली व्हय?" येसूबाईनं चिमटा काढला. "मंग तसं सांग. आमी आमचं बघू."

चंद्राबाईचे हात थांबले. मला वाटलं, आता म्हणेल, चांगला आहे, आणि सुटेल. नाटकात अशा वेळी मी विंगेतून शब्द पुरवला असता.

"जाऊ नका," ती म्हणाली. "त्यातली आई लेकीला सासरी धाडते. गाडी निघते नि ती दारात उभी राहून हात हलवून गाणं म्हणते. लांबलचक. मला माझ्या पोरीला धाडायचंय म्हून मी ते बघायला गेले व्हते. ती आई खोटी हाय. तिच्यामुळं सगळा खेळच खोटा झाला."

कुणी हसलं नाही. सोनुबाईनं निवडलेल्या शेंगा विहिणीच्या पाटीत ठेवल्या, पदर सावरला आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी तंबूत चिटपाखरू नव्हतं. आबाजी रिकाम्या तरटांकडं बघत म्हणाले, "मास्तर, सकाळी कोंडाण्याला जावा. साखरपुडा मोडला म्हून सांगा." इंजिनापाशी गजा उभा होता. बापापुढं मान खाली घालून तो इंजिन पुसू लागला.

तंबूबाहेर सोनुबाईची भज्यांची कढई असायची. सगळा हंगाम ती त्या कढईपुढं बसे. आतला एकही खेळ तिनं कधी पुरा पाहिला नव्हता. ती कढई उतरवून आत आली.

"गजा, इंजिन सुरू कर. मला बघायचाय."

"कुणासाठी? मानूस नाय एक," आबाजी म्हणाले.

"मी मानूस नाय?"

खेळ सुरू झाला. सोनुबाई मधोमध बसली. आबाजी मागं येरझाऱ्या घालत होते. मी खांबाला धरून उभा. तिचीही एक लेक घाटावर दिलेली होती, हे मला ठाऊक होतं. पडद्यावर गाडी निघाली, आईनं हात वर केला, गाणं सुरू झालं. सोनुबाईनं ते शेवटपर्यंत ऐकलं आणि उठली.

"बंद कर रं," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "आपली पोर सासरी गेली तवा मी गोठ्यात जाऊन बसले व्हते. तुमीच उचलून आणलंत मला. आठवतं?"

आबाजी येरझाऱ्या घालायचे थांबले.

"ही पेटी उद्या परत धाडा. दुसरा खेळ आणा. लगीन माघात हाय, ते तसंच ऱ्हाईल."

"लोक काय म्हणतील? इहिणीनं बुडवलं..."

"बुडवलं तिनं नाय, त्या गाणाऱ्या बाईनं."

आबाजी स्वतःच जाऊन रिळांची पेटी बंद करू लागले, आणि गजा धावत त्यांच्या मदतीला गेला.

सकाळी मी कोंडाण्याला पोचलो तेव्हा चंद्राबाई अंगणात उभी होती. सारवण अर्धंच झालेलं. मला पाहून तिनं शेणाचे हात पुसलेही नाहीत. हिरू दाराआड होती.

"लग्न ठरल्याप्रमाणं होणार," मी आधी तेवढंच सांगितलं.

ती जोत्यावर बसली. नामानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं धरला, तो तिनं माझ्याकडं सरकवला. मग मी तंबूतली सगळी हकिगत सांगितली.

"म्हंजी इहीणबाईनं खेळ बघितला," ती म्हणाली. "तिला आवडला का?"

"नाही."

"मंग बरं," चंद्राबाई म्हणाली आणि उरलेलं अंगण सारवायला वळली.