लेथवर पाठवलेला शाफ्ट

कामठी रोडला आतल्या गल्लीत देवरावांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे टिनाचं शेड, एक कडुनिंब आणि दोन खुर्च्या. त्यांतली एक गिऱ्हाइकाची, म्हणून ती बहुतेक रिकामी असते. नवे ट्रॅक्टर कंपनीच्या वर्कशॉपात जातात, जुने भंगारात; मधेच वाट चुकलेला एखादा देवरावांकडे येतो. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये मुलगा सौरव अधूनमधून विचारतो, "बाबा, या उन्हाचे काहून चालले?" देवराव "काम हाये" म्हणतात आणि मेट्रोत बसतात. मेट्रो गार असते. कामाचं तसं सांगता येत नाही.

होळीनंतर पारशिवनीचे महादेवराव आपला जुना ट्रॅक्टर टोचन लावून घेऊन आले. इंजिन तापलं की ऑईलच्या दाबाचा काटा खाली बसायचा. विकत घेतल्यापासून या ट्रॅक्टरला देवरावांशिवाय दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागलेला नव्हता. शेती आता मुलगा रोहित पाहत होता आणि त्याने बापाला एक अट घातली होती. ती महादेवरावांनी आल्या आल्या सांगून टाकली.

"पोरगा म्हणते, अखजीपर्यंत सुरू झाला तर ठेवू, नाई तर विकून टाकू. त्याले नवा पाहिजे."

"अखजीले लय टाइम हाये गा," देवराव म्हणाले. ते खरंच होतं; अक्षय्य तृतीयेला अजून महिन्याच्या वर अवकाश होता.

इंजिनखालचं ऑईलचं चेंबर उतरवलं, तेव्हा पंपाच्या जाळीवर काळा गाळ शिऱ्यासारखा बसलेला होता. देवरावांनी पंप खोलला. दोन्ही गिअर रॉकेलमध्ये धुतले, उजेडात फिरवून दात पाहिले, गिअर आणि बॉडीच्या फटीत मापाची पत्ती सरकवून पाहिली. सगळं ठीक होतं. झाकणाच्या प्लेटवर तेवढे ओरखडे होते आणि दाब राखणारी स्प्रिंग थकली होती. स्प्रिंग नवी आणली. प्लेट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासायला घेतली. एका दुपारचं काम.

महादेवराव रोज बसने येऊ लागले. येताना कधी फुटाणे आणायचे, कधी कैऱ्या, आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून देखरेख करायचे. देखरेखीत गावातले तंटे, जावयाची बदली, हरभऱ्याचा उतारा आणि देवरावांचा हळूपणा हे विषय असत.

"पंप पाहून राहिला का सून पाहून राहिला गा? कवाचा उलटापालटा करते!"

"सून पाहणं सोपं हाये. तिले परत खोला लागत नाई."

"खोलून पाय एकदा, मंग समजन तुले!"

देवराव इतके हसायचे की हातातली प्लेट बाजूला ठेवावी लागायची. अशा रीतीने एका दुपारची प्लेट आठवडाभर घासली गेली. शेवटी तिच्यात तोंड दिसायला लागलं. पंपाला याची गरज नव्हती.

महादेवराव खुर्चीतून उठले. "झालं ना आता? मंग उद्या मी कायले येऊ? रोहितलेच धाडतो न्यायले."

देवरावांनी पंपाचा शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला. तो जागचा हलला नाही.

"थोडा ढिला वाटून राहिला," ते म्हणाले. "बुश बदलला पाहिजे. लेथवर धाडतो. दोन दिवस अजून."

"धाड ना. घाई कोणाले हाये?" महादेवराव पुन्हा बसले आणि खिशातले फुटाणे काढले. दोघांनाही बरं वाटलं.

शाफ्ट लेथवाल्या भैयाजीकडे गेला. दिवस लग्नसराईचे. भैयाजीच्या साळ्याचं लग्न तिकडे रीवाकडे निघालं आणि तो शाफ्टसकट दुकानाला कुलूप लावून गेला. फोन केला की मागे बँड वाजायचा आणि भैयाजी ओरडायचा, "बस, परसों निकलते हैं, चाचा!" त्याच्या परवाला काही अंत नव्हता. देवराव रोज त्या कुलपापाशी जाऊन यायचे. आत एक निर्दोष शाफ्ट दुरुस्तीची वाट पाहत होता.

महादेवरावांच्या चेष्टा कमी झाल्या. "दुसरीकडं कुठं भेटन का असा शाफ्ट?" त्यांनी एकदा हळूच विचारलं. देवरावांनी जुन्या सामानाची सगळी दुकानं पालथी घातली. एवढा जुना शाफ्ट कोणाकडेच नव्हता. मग नांगरणीसाठी रोहितने शेजाऱ्याचा ट्रॅक्टर लावला, तो त्याला फार आवडला, आणि महादेवरावांचं येणं थांबलं. अखजी आली नि गेली.

भैयाजी आला तो मिठाईचा डबा घेऊन. "चाचा, इसमें तो कुछ था ही नहीं," शाफ्ट परत देत तो म्हणाला. "कहीं घिसा ही नहीं है."

देवरावांनी पंपात ऑईल भरलं, बसवला, चेंबर आवळलं. डिझेल बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवलं, तशी काट्याने मान वर केली. मग डिझेल सोडलं. इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवलं. काटा तसूभर हलला नाही. इतका चांगला दाब त्या ट्रॅक्टरने नवेपणीही दिला नसावा. रिकाम्या खुर्चीकडे बघत देवरावांनी इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी रोहित आला, सोबत वीटभट्टीवाला गिऱ्हाईक घेऊन. गिऱ्हाइकाने कान देऊन आवाज ऐकला आणि खूश झाला.

"बाबा नाई आले?" देवरावांनी विचारलं.

"त्याइचं आता काय काम हाये इथं, काका?" रोहित सरळपणे म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

ट्रॅक्टर गल्लीतून बाहेर पडला. संध्याकाळी देवरावांनी फोन लावला.

"पंप मस्त झाला गा," ते म्हणाले.

"हो ना! पोरगं सांगे. मी त्याले आधीपासून म्हणलो होतो, देवराव घाई करत नाई म्हणूनच काम असं होते. ते तुलेच नावं ठेवून राहिलं होतं, म्हणे म्हातारा मुद्दाम टाइमपास करून राहिला. लय भांडलो मी त्याच्यासंगं."

देवरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अखजीले एक दिवस जेवलो नाई," महादेवराव म्हणाले. मग हळूच, "ये ना कधी पारशिवनीले. इतक्या वर्षांत घरी नुसता असा आलाच नाई तू."

"येतो ना," देवराव म्हणाले. "तिकडं काही काम निघालं का येतो."