बॅकचे गोल

चेन्नईत पेरुंगुडीला, खेळांची आकडेवारी काढणाऱ्या आमच्या ऑफिसात एसी इतका असतो की भर मे महिन्यातही मी शाल घेऊन बसते. थंडीशी माझी ओळख एवढीच. तरी गेल्या वर्षी माझ्याकडे बर्फावरच्या हॉकीचं काम आलं. कॅनडातल्या एका क्रीडा संकेतस्थळाला यादी हवी होती: बचावपटूंनी सर्वांत जास्त गुण मिळवलेले मोसम कोणते. या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याला पास देणाऱ्यालाही.

यादी करायला एक दुपार पुरली. वरची बहुतेक नावं जुन्या काळातली निघाली आणि मला ते खटकलं. त्या काळी एकूणच गोल भरमसाट होत. गोलरक्षकांचे पॅड लहान असत, उभं राहायची रीतही निराळी. मग मी प्रत्येक मोसमात सामन्यामागे सरासरी किती गोल होत होते ते काढलं आणि त्या मापाने सगळ्यांचे गुण पुन्हा मोजले. जुन्यांतला एक जण जागचा हलला नाही. बाकीचे मात्र खाली आले आणि बराच खाली असलेला आजचा एक बचावपटू वर सरकला.

आमच्या टीम लीडरने ते पाहून साधी यादीच पाठवायला सांगितलं. ग्राहक त्या जुन्या खेळाडूंचा खेळ पाहत वाढलेला माणूस होता, त्याला कशाला दुखवायचं, असं लीडरचं म्हणणं. वर हसत म्हणाला, बर्फ फक्त फ्रिजमध्ये पाहिलेल्या बाईने कॅनडावाल्यांना हॉकी शिकवायची का? मी हसले नाही. पाठवायच्या तर दोन्ही याद्या पाठवा, नुसती साधी माझ्या नावाने जाणार नाही, असं सांगून मी घरी आले.

घरी, नुंगंबाक्कमला, बाबा होते. बाबा तरुणपणी मिरजेहून नोकरीला इकडे आले आणि एन्नोरजवळच्या एका कारखान्याच्या संघात मैदानी हॉकी खेळले. फुलबॅक, म्हणजे गोलाजवळचे बचावपटू. एकदा स्वतःची जागा सोडून पुढे धावले, गोल केला, आणि बॅकने बॅकच्या जागी राहायचं म्हणून पुढच्या सामन्यात त्यांना बाहेर बसवलं गेलं. त्यानंतरही ते पुढे धावतच राहिले. त्यांना मी माझं भांडण सांगितलं, तर ते माझ्यावरच उखडले.

"म्हणजे आमचे गोल तू कमी करणार?"

मी म्हटलं, तुम्ही खडकाळ मैदानावर खेळलात, तिथे गोल मुळातच कमी होत. या हिशोबाने तुमचे वाढतील.

ते कॉफीचा पेला बाजूला सरकवून म्हणाले, "आणि वाढले नसते तर?"

"तरी हेच सांगितलं असतं."

"मग सांग त्यांना. घाबरायचं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरलेल्या व्हिडिओ कॉलवर ग्राहकाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही कधी बर्फावर उभ्या राहिला आहात का? शेजारी लीडरने खुर्ची मागे सरकवली. मी सांगितलं, "नाही. तुम्हीही त्या गोलरक्षकांसमोर उभे राहिला नव्हता. आपण दोघंही आकडेच वाचतो आहोत. मी फक्त त्यांचा काळही वाचते."

त्यावर तो दोन्ही पाठवा म्हणाला.

त्यांनी साधी यादी मोठ्या अक्षरांत छापली आणि माझी तिच्याखाली, 'एक वेगळं मत' म्हणून. वाचकांनी मला पुष्कळ सुनावलं. एकाने वाळवंटातली तज्ज्ञ म्हटलं. चेन्नई समुद्राकाठी आहे, एवढं मी त्याला लिहून कळवलं.

लीडरने मला क्रिकेटच्या कामावर हलवायचं ठरवलं. मी नकार दिला. माझ्या हिशोबात चूक दाखवा, मी आपण होऊन हे काम सोडते, असं सगळ्यांसमोर म्हटलं. चूक कोणी दाखवली नाही. काम माझ्याकडेच राहिलं, पण ते काही माझं पटलं म्हणून नव्हे. तो खेळ दुसऱ्या कोणाला हवाच नव्हता. लीडर अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

बोलू दे. यंदाचा मोसम संपला की मी पुन्हा याच मापाने मोजणार आहे, आणि या वेळी माझी यादी वर छापा असं आधीच सांगणार आहे.